अध्यक्षाविना सभा

घरात एखाद्याला नाटकाचे वेड असले तर त्याचे कुणाला काही वाटत नाही. लग्नकार्यात लोक त्याला आग्रह करून दोन पदे म्हणायला लावतात. क्रिकेटचे वेड असले तर निम्मी चाळ त्याच्याकडे धावा विचारायला येते. पण एखाद्या गृहस्थाने "मला विज्ञानकथांचे वेड आहे" असे सांगितले, की पाहुणे हातातला लाडू तसाच धरून क्षणभर थांबतात आणि मोठ्या अदबीने विचारतात, "म्हणजे आपण विज्ञान शिकवता का?"

आमचे भाऊजी विज्ञान शिकवीत नाहीत. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. टपाल खात्यात, बचत बँकेच्या खिडकीमागे त्यांची सारी नोकरी झाली. शिक्षण वाणिज्य शाखेचे. गुरुत्वाकर्षणाचे सूत्र विचारले तर त्यांना सांगता यायचे नाही. परंतु गुरुत्वाकर्षण पाच मिनिटे बंद पडले तर सकाळच्या गर्दीत डोंबिवलीच्या फलाटावर काय होईल, हे ते तासभर सांगतात आणि ऐकणाऱ्याला त्या दिवशी खरोखरच जपून पाऊल टाकावेसे वाटते.

एरवी या सदरात मला पाऊण पान मिळते. दिवाळीत संपादक जरा ऐसपैस जागा देतात, म्हणून यंदा भाऊजींना बोलावले आहे. "मला शास्त्रज्ञ तेवढे म्हणू नका, प्राध्यापकीणबाई," एवढी एकच अट त्यांनी घातली.

दिवाळी संपली, चकल्या मऊ पडल्या, की भाऊजींचा हंगाम सुरू होतो. लोक वाचून झालेले दिवाळी अंक रद्दीत घालतात आणि हे रद्दीवाल्याच्या दुकानात स्टूल टाकून बसतात. अनुक्रमणिकेवरून बोट खाली खाली येते आणि मधेच थांबते. मग तो अंक पिशवीत. घरी आल्यावर त्याची नोंद एका लांबट वहीत होते. कथेचे नाव, लेखक, अंक, साल, असे रकाने आणि शेवटी एक खास रकाना: शक्य, अशक्य, झाले. कधी काळी 'अशक्य' म्हणून लिहिलेले पुढे घडले, की तांबड्या शाईने त्यावर रेघ मारून 'झाले' असे लिहायचे. बोलणाऱ्याचा चेहरा खिशातल्या फोनवर दिसू लागला त्या वर्षी म्हणे तांबड्या शाईची अख्खी बाटली संपली. आमच्या थोरल्या जाऊबाईंचे यावर एक ठरलेले वाक्य आहे. "यांच्या वहीत सगळं जग होऊन गेलं, तेवढी माळ्याची साफसफाई काही अजून 'अशक्य'मधून बाहेर येत नाही!"

माळ्यावर तीन ट्रंका आहेत. त्या भरायला भाऊजींना पन्नास वर्षे लागली. लहानपणी भा. रा. भागवतांच्या लेखणीतून ज्यूल व्हर्न भेटला, तिथे बी पडले. खरे तर व्हर्न मराठीत आला तो त्याच्याही कितीतरी आधी, 'केरळ कोकिळ' मासिकातून, विसाव्या शतकाच्या तोंडावर. पुढे रविकिरण मंडळातले कवी श्री. बा. रानडे यांनी 'तारेचे हास्य' ही कथा लिहिली, तिला पुष्कळ जाणकार मराठीतल्या पहिल्यावहिल्या विज्ञानकथांत धरतात. कवीने ती लिहावी याचे भाऊजींना फार कौतुक.

पण वेड म्हणावे असे ते लागले १९७४ साली. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. पहिले बक्षीस मिळाले 'कृष्णविवर' या कथेला, लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हते. मग उलगडा झाला, की नावाची आद्याक्षरे उलटी वाचायची: ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! अहमदाबादेत एका परिसंवादात एक रटाळ भाषण चालू असताना त्यांनी कथेला सुरुवात केली, आणि परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून ती पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहवून घेतली. भाऊजी तेव्हा सोळा वर्षांचे. "एवढा मोठा माणूस, आणि नाव बदलून आपल्यासारखा रांगेत उभा राहिला," हे ते आजही सांगतात, आणि सांगताना बचत बँकेच्या खिडकीपुढची रांग त्यांच्या डोळ्यांपुढे असते असे मला वाटते.

आता मराठीची प्राध्यापिका म्हणून माझेही थोडे मत ऐका. आपल्या विज्ञानकथांपैकी पुष्कळशा कथा म्हणजे धोतर नेसलेली व्याख्याने आहेत. एक काका असतात, त्यांची प्रयोगशाळा असते आणि एक पुतण्या असतो. पुतण्याला काम एकच. दर दोन परिच्छेदांनी "म्हणजे काय, काका?" असे विचारणे. भाऊजींनाही हे मान्य आहे. अशा कथांपुढे ते वहीत नुसती टिकली काढतात. परंतु त्याच ट्रंकेत लक्ष्मण लोंढे आहेत, सुबोध जावडेकर आहेत, बाळ फोंडके, निरंजन घाटे, शुभदा गोगटे आहेत. यांच्या चांगल्या कथेत यंत्र निमित्ताला असते आणि पेचात सापडतो तो आपल्यासारखाच, हप्त्यावर घर घेतलेला माणूस. या कथा दिवाळी अंकांतून आल्या. काहींची पुस्तके झाली. बाकीच्या रद्दीत गेल्या, आणि रद्दीतून वाचल्या त्या भाऊजींसारख्यांच्या पिशवीत.

विज्ञानकथेच्या वाचकाचे खरे दुःख निराळेच असते. त्याला बोलायला माणूस मिळत नाही. अमेरिकेत १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या संपादकाने निव्वळ अशा कथांचे मासिक काढले आणि वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली. झाले! पत्ते मिळताच पोरे एकमेकांना पत्रे लिहू लागली. १९३६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कची काही पोरे आगगाडीने फिलाडेल्फियाला तिथल्या मित्रांकडे गेली आणि त्या डझनभर मंडळींनी 'हे आमचे संमेलन' असे जाहीर करून टाकले. पुढच्या जानेवारीत इंग्लंडात लीड्सला वीसेक जण जमले. त्यांत आर्थर क्लार्क नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. याच क्लार्कने १९४५ साली कृत्रिम उपग्रहांवरून संदेश पाठवण्याची कल्पना मांडली. (भाऊजींच्या वहीत ती तांबड्या शाईत आहे.) १९३९ साली न्यूयॉर्कला जागतिक संमेलन भरले, तेही दोनेकशे माणसांचे. त्याच संमेलनाची परंपरा २०२३ साली चीनमध्ये चेंगडूला जाऊन पोचली.

आणि आपल्याकडे? मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे, तिची अधिवेशने दरवर्षी निरनिराळ्या गावी भरतात, आणि भाऊजी वळकटी घेऊन, रजा टाकून, त्यांतल्या कितीतरी अधिवेशनांना गेले. तिथे त्यांचे अगत्य झाले, ज्ञानही पुष्कळ मिळाले. परंतु पिकांवरची कीड आणि पाण्याचे नियोजन यांवर तळमळीने बोलणाऱ्या मंडळींत हे कथावाले. उलट एकदा एका साहित्य मेळाव्यात गेले, तर तिथल्या एका कवीने त्यांना आपला बिघडलेला चष्मा दाखवून काचेच्या भिंगाविषयी शंका विचारली! तिथे हे विज्ञानवाले. दोन्ही मांडवांत पाहुणे आणि घर कुठेच नाही, अशी गत.

म्हणून २०२१ सालच्या डिसेंबरात नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला अध्यक्ष म्हणून नारळीकर निवडले गेले, तेव्हा भाऊजींनी नवा सदरा शिवला. हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही. शिंप्याकडे मीच कापड नेऊन दिले. पण प्रकृतीमुळे अध्यक्ष नाशिकला येऊ शकले नाहीत.

परत आल्यावर भाऊजी दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाले, "त्यांनी कथेत लिहूनच ठेवलं होतं की हो!" त्यांनी 'यक्षांची देणगी' पुढे केले आणि 'गंगाधरपंतांचे पानिपत' काढून दिली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघाताने अशा निराळ्या जगात जातात, जिथे पानिपतावर विश्वासरावाला चाटून गेलेली गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. त्या जगातल्या मुंबईत आझाद मैदानावर सभा चालू असते आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते. त्या लोकांनी अध्यक्ष ही चालच मोडून टाकलेली असते. सवयीने गंगाधरपंत जाऊन त्या खुर्चीत बसतात, आणि श्रोते त्यांचा समाचार घेतात!

नाशिकला एक गोष्ट मात्र घडली होती. चहाच्या टपरीपाशी भाऊजींना चौघे भेटले. जळगावचा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, साताऱ्याकडच्या एक शिक्षिका, ठाण्याच्या रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि श्रीवर्धनचे एक सुपारी-बागायतदार. फिलाडेल्फियाचे डझनभर होते, हे पाच. बागायतदार म्हणाले, "आमच्याकडे हरिहरेश्वराला या. जागेची काळजी नको."

हरिहरेश्वर आमचे कुलदैवत. तेव्हा जाऊबाईंना पटवणे सोपे गेले. कुळाचार म्हणूनच आम्ही सगळे निघालो. दिवस भाऊजींनी निवडला, चंपाषष्ठीचा. जाऊबाई म्हणाल्या, चला, देवाधर्माची आठवण तरी झाली. खरे कारण निराळेच होते. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारला पूर्ण भरती आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास ओहोटी. तिथली प्रदक्षिणा देवळामागून पायऱ्या चढून, मग खडकांच्या चिंचोळ्या फटीतून खाली उतरून थेट समुद्राच्या काठाने जाते आणि ती ओहोटीलाच करावी लागते. भरतीत त्या वाटेवरून माणसे ओढली गेली आहेत.

तसे आम्ही माणगाव, म्हसळा करीत २०२२ च्या चंपाषष्ठीला पहिल्यांदा तिथे पोचलो. काळभैरवाचे, हरिहरेश्वराचे दर्शन झाले आणि साडेदहाला सगळे खडकांवर. तो खडक पाहण्यासारखा आहे. मधाच्या पोळ्यासारखी भोके, जणू कुणी बसून कोरली असावीत. जाऊबाईंनी हात जोडले. साताऱ्याच्या बाईंनी हलकेच सांगितले, की खारे पाणी दगडाच्या छिद्रांत शिरते, वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण सुटतो. जाऊबाई म्हणाल्या, "असेल. पण मीठ तरी कुणी घातलं?" यावर बाईंनी वाद केला नाही, हे मला आवडले.

दुपारी खानावळीच्या पडवीत सभा भरली. सहा खुर्च्या मांडल्या आणि एक रिकामी ठेवली. नियम दोनच. कथा पुस्तक न उघडता सांगायची, आणि ऐकणाऱ्यांनी मधे फक्त "मग?" एवढेच म्हणायचे. पहिली कथा अर्थातच पानिपतची. श्रीवर्धन हे पेशव्यांचे मूळ गाव, हरिहरेश्वर त्यांचेही कुलदैवत, त्या देवळाच्या सावलीत बसून 'विश्वासराव वाचला असता तर' हे ऐकताना मीसुद्धा दोनदा "मग?" म्हणाले.

त्यानंतर तो जळगावचा मुलगा उठला. त्याने स्वतःची कथा सांगितली. एक म्हातारा कोकणी माणूस आहे. रोज तिथीची पाऊणपट करतो आणि वाटेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. पण हिशेब जुळत नाही. ओहोटीची वेळ येते, जाते. खडक काही उघडे पडत नाहीत. समुद्र वर आला आहे. म्हातारा घरी जाऊन पुन्हा पाऊणपट करतो. चुकले असेल, म्हणतो.

बागायतदार खाली पाहत होते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनावरून गेले, त्यात त्यांची सुपारीची बाग आडवी झाली. सुपारी लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. नव्याने लावलेली झाडे तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. पडवीत कुणी बोलेना. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून, हातात ओले भांडे घेऊन उभ्या असलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "मग?"

मुलगा म्हणाला, पुढचे मला अजून सुचलेले नाही. जाऊबाई म्हणाल्या, "सुचेल तेव्हा सांग. पण त्या म्हाताऱ्याला एकट्याला ठेवू नकोस." तीस वर्षे 'यांची रद्दी' म्हणणाऱ्या जाऊबाई! भाऊजींनी वहीत त्या कथेपुढे 'शक्य' लिहिले आणि बराच वेळ पेन हातात धरून बसले.

तेव्हापासून दर चंपाषष्ठीला ही सभा भरते.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले. त्या रात्री पाचही जण फोनवर होते. येत्या सभेत रिकाम्या खुर्चीवर त्यांची तसबीर ठेवावी, हार घालावा, असे ठाण्याच्या गृहस्थांचे म्हणणे पडले. साताऱ्याच्या बाईंनाही ते योग्य वाटले. तो मुलगा मात्र ऐकेना. खुर्ची रिकामीच राहिली पाहिजे, म्हणाला. तसबीर ठेवली तर गंगाधरपंत बसले तसेच होईल. शेवटी त्याचेच मान्य झाले. हार खडकावर, समुद्राला घालायचा ठरला आहे, साडेदहाला.

ट्रंकांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. भाऊजी सत्तरीला आले. त्यांची दोन्ही मुले परदेशी, आणि नातवंडांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. मी एका ग्रंथालयात विचारून पाहिले, तर सुटे जुने अंक ठेवायला फळी नाही असे उत्तर मिळाले. पहिली ट्रंक सध्या आमच्या दिवाणाखाली आहे. माझ्या वर्गातल्या दोन मुली शनिवारी येऊन वहीतल्या नोंदी टंकून घेतात. निम्म्या वेळी त्या टंकायचे सोडून वाचतच बसलेल्या सापडतात, आणि मी त्यांना रागावत नाही.

वहीत अजून गाळलेल्या जागा पुष्कळ आहेत. तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुने अंक खाली आले असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी अनुक्रमणिकेवरून एकदा बोट फिरवा. साल १९७० ते १९९० मधले असेल आणि 'विज्ञानकथा' असे छापलेले दिसले, तर संपादकांच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. टपालखर्च भाऊजी देतील. खात्यातच होते ते, हिशेब चोख असतो.