भरतीची धाव अन् उन्हाचा हिशेब

बेळगाव : मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या या शहरात भरतीची तयारी उन्हाळ्यातही थांबत नाही. खानापूर, निपाणी, चंदगड भागातली पोरं पहाटे रस्त्यावर दिसतात. कामावर जाणारी काही दुपारी चारलाच धावायला निघतात. १६०० मीटर, साडेपाच मिनिटं हे गणित सगळ्यांना पाठ. उन्हाचं गणित मात्र क्वचितच कुणी शिकवतं.

ते चुकलं की काय होतं, हे झारखंडात दिसलं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत पुरुषांना ६० मिनिटांत १० किलोमीटर धावायचं होतं. दहाहून अधिक उमेदवार दगावले. कारणांवरून वाद झाला, पण सरकारला भरती तीन दिवस थांबवावी लागली आणि सकाळी नऊनंतर धाव नको, असं ठरवावं लागलं. त्याआधी, १६ एप्रिल २०२३ ला, खारघरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा बळी गेला. तिथं तर कुणी धावतही नव्हतं.

घाम नुसता वाहून उपयोग नाही, तो वाळला तरच अंग थंड होतं. म्हणून पणजीतले दमट ३४ अंश सोलापूर-हैदराबादच्या कोरड्या ३८ अंशांपेक्षा जड जाऊ शकतात. उन्हाला सरावायला शरीर १० ते १४ दिवस घेतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदम जोर लावणं म्हणूनच धोक्याचं.

पाण्याबाबत दोन चुका होतात. एक, वजन कमी भरावं किंवा अंग हलकं राहावं म्हणून पाणीच न पिणं. दुसरी, नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसणं. त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि चक्कर, उलटी, झटकेही येऊ शकतात. तासाभरापेक्षा जास्त घाम गाळणाऱ्यांनी ओआरएस घ्यावं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सरावाआधी आणि नंतर वजन करावं. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत साधारण दीड लिटर भरून काढावं. लघवी गडद पिवळी असेल तर त्या दिवशी जोर नको.

पण सगळा भार पोरांवर टाकून चालणार नाही. भरतीच्या मैदानावर मुलं रात्रीपासून रांगेत असतात. धाव काही मिनिटांची, थकवा मात्र रांगेतला. सावली, पाणी आणि सकाळची वेळ ही आयोजकांची जबाबदारी आहे.

धावणारा अडखळत बोलू लागला, भरकटला, कोसळला तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंडावा, मग गाडी. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, तिन्हीकडं रुग्णवाहिकेचा नंबर एकच : १०८.