घरची बोली आणि शाळेची भाषा

अध्यापक विद्यालयात शिकणारे तरुण-तरुणी सराव पाठ घेण्यासाठी जवळपासच्या शाळांत जातात. वर्गात उभे राहिल्यावर थोड्याच वेळात त्यांच्या ध्यानात येते, की काही मुले प्रश्न पुरा होण्यापूर्वीच हात वर करतात आणि काही मुले मान खाली घालून बसतात. पहिली हुशार व दुसरी मंद, असा निर्णय देऊन मोकळे होणे फार सोपे असते. उद्या शिक्षक होऊ पाहणाऱ्याने मात्र ही घाई करू नये. ही मुले घरी कोणत्या भाषेत बोलतात, याची त्याने आधी चौकशी करावी.

ज्या घरात रोज वर्तमानपत्र येते, आजी निजतेवेळी पुस्तकातील गोष्ट वाचून दाखविते आणि वडीलधारी माणसे पुस्तकासारखेच मराठी बोलतात, त्या घरातील मुलाचा अर्धा धडा शाळेत येण्यापूर्वीच झालेला असतो. त्यासाठी त्याने काही कष्ट केलेले नसतात. प्रवाहाबरोबर पोहणाऱ्याला प्रवाहाचा जोर जाणवत नाही. आपण पुढे चाललो आहोत ते केवळ स्वतःच्या हातापायांच्या बळावर, असे त्याला वाटते. त्याच नदीत दुसरे एखादे मूल उलट दिशेने हात मारीत असते, तिकडे त्याचे लक्षही जात नाही.

या दुसऱ्या मुलाने वर्गात ‘पानी’ असा शब्द उच्चारला, की हशा पिकतो. वास्तविक वऱ्हाडातील कित्येक खेड्यांत सगळेजण पानीच म्हणतात आणि तहान त्यानेही तितकीच भागते. हसणारे क्षणात विसरून जातात. पण ते मूल पुढच्या वेळी उत्तर येत असूनही तोंड उघडीत नाही. मग वर्षअखेर त्याच्या नावापुढे ‘प्रगती साधारण’ असा शेरा पडतो. आपण मुलाची बुद्धी मोजली, असे शेरा लिहिणाऱ्याला वाटत असते.

बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जळगावजवळच्या असोदे या गावी जन्मलेली ही शेतकरी बाई जात्यावर दळताना, शेतात राबताना आपल्या घरच्या खानदेशी बोलीत ओव्या रचीत असे. १९५१ मध्ये त्या वारल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. आज त्या पाठ्यपुस्तकांत मानाने छापल्या जातात, आणि छापल्या जाव्यातच. परंतु त्याच बोलीतला शब्द एखाद्या मुलाच्या निबंधात आला, तर तोच शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतो! पुस्तकात जे काव्य ठरते ते वहीत अशुद्ध का ठरावे, या प्रश्नाला उत्तर देणे त्या शिक्षकाला जड जाईल.

शिवाय खुद्द मराठी तरी एके काळी दाराबाहेरचीच होती. ज्ञानाचे ग्रंथ संस्कृतात असावेत असा रिवाज असताना १२९० मध्ये ज्ञानेश्वरी मराठीत सिद्ध झाली.

येथपर्यंत मराठीच्याच निरनिराळ्या रूपांचा विचार झाला. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा नंदुरबारकडील भिली बोलणाऱ्या मुलांची वाट याहून बिकट आहे. कोरकू आणि गोंडी या तर मराठीच्या कुळातल्याही नव्हेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात भिली बोलणारे एक कोटीहून अधिक, गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख व कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक लोक आहेत. तरीही संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत या तिघींपैकी एकीलाही स्थान नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे सांगितले आहे. ‘शक्य तेथवर’ हे शब्द मोठे सोयीचे आहेत. मनात नसलेल्याला त्यांतून सहज निसटता येते.

यावर कित्येक आईबाप म्हणतात, “बोली तर आमची आम्ही जाणतोच. मुलांना पुस्तकाची भाषा शिकवा, इंग्रजी शिकवा.” त्यांचे म्हणणे मुळीच चुकीचे नाही. कचेरीतला अर्ज प्रमाण मराठीत लिहावा लागतो आणि वरच्या शिक्षणाची पुष्कळशी दारे इंग्रजीने उघडतात. स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालून गरिबाला ‘तू तुझी बोली जप’ असा उपदेश करणाऱ्यांचा संशय यावा, हे स्वाभाविकच आहे. पुस्तकाची भाषा प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे. प्रश्न एवढाच, की ती शिकताना त्याला घरच्या बोलीची लाज का वाटावी? पायरी काढून घेऊन माडीवर चढा म्हणण्यासारखेच ते आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. रयतेच्या घामातून जमा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार त्यांनी त्यात केली आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक सूचना केली होती: प्राथमिक शाळांचे शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील. तो काळ मागे पडला, पण सूचना जुनी झालेली नाही.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, काम केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली.

नव्या शिक्षकाला मोठी साधनसामग्री मिळेलच असे नाही. त्याने गावात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक कोरी वही घ्यावी आणि पाऊस, भाकर, बैल, भूक, आई अशा नित्याच्या गोष्टींची नावे मुलांनाच विचारून त्यांच्या बोलीत लिहून घ्यावीत. ती म्हणून दाखविताना उच्चार चुकतील आणि वर्ग हसेल. मग शेवटच्या बाकावरचे एखादे मूल उठून उभे राहील आणि गुरुजींची चूक दुरुस्त करील.