एकच लॅन पोर्ट असलेल्या जुन्या पीसीचा राउटर होतो का? होतो, पण साध्या स्विचवर नको!

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 न चालणारे, पण एरवी ठणठणीत असलेले पीसी त्यामुळे अनेक घरांत पडून आहेत. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी किंवा ओपीएनसेन्स टाकून घरचा राउटर करावा, असे अनेकांना वाटते. अडचण एकच. राउटरला इंटरनेटकडची आणि घराकडची अशा दोन बाजू लागतात आणि बहुतेक पीसीला लॅन पोर्ट असतो एकच.

तरीही हे जमते. त्यासाठी व्हीएलएएनची सोय असलेला मॅनेज्ड स्विच लागतो.

नेमके होते काय?

हा स्विच पीसीकडे जाणाऱ्या प्रत्येक डेटा फ्रेमवर 4 बाइटची चिठ्ठी चिकटवतो. चिठ्ठीवर 1 ते 4094 मधला एक क्रमांक असतो. समजा, मोडेमच्या पोर्टला 10 आणि घरातल्या बाकी पोर्टना 20 क्रमांक दिला. पीसीकडे जाणाऱ्या एकाच वायरीतून दोन्ही चिठ्ठ्यांचा डेटा जातो आणि पीसीला आपल्याकडे दोन कार्डे आहेत असेच दिसते. 802.1क्यू नावाचे हे मानक 1998 पासूनचे आहे. या जोडणीला 'राउटर ऑन अ स्टिक' म्हणतात. आकृतीत तो खरोखरच काडीवरच्या कुल्फीसारखा दिसतो.

यात स्पीड निम्मा होतो, ही तक्रार हमखास ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. गिगाबिट पोर्ट एकाच वेळी 1000 एमबीपीएसने घेतो आणि तेवढ्याच वेगाने पाठवतोही. मोडेमकडून आलेला डेटा त्याच वायरीने घराकडे परत जातो, त्यामुळे डाउनलोड आणि अपलोड यांची बेरीज 1000 च्या आत राहिली की झाले. 300 एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये दोन्ही बाजू पूर्ण भरल्या तरी बेरीज 600 होते. पोर्ट 100 एमबीपीएसचा असेल तर मात्र हा खटाटोप करूच नये.

खरा धोका स्पीडचा नाही, काटकसरीचा आहे. साधा स्विच घ्यायचा आणि पीसीच्या एकाच कार्डाला दोन आयपी पत्ते द्यायचे, असा जुगाड केला जातो. नेट सुरू होते, म्हणून सगळे ठीक वाटते. प्रत्यक्षात मोडेम, मोबाइल आणि सीसीटीव्ही कॅमेरा एकाच वायरीवर उघडे बसलेले असतात. मोडेमही आयपी पत्ते वाटत असेल, तर एखादा कॅमेरा त्याच्याकडूनच पत्ता घेतो आणि पीसीच्या फायरवॉलला वळसा घालून थेट बाहेर बोलतो. दारात राखणदार आहे, पण कुंपणच नाही, अशी ही गत. फायरवॉलसाठी एवढी मेहनत करून तीच निकामी करण्यात काय अर्थ?

मॅनेज्ड स्विचमध्येही त्याचे सेटिंगचे पान फक्त घराच्या बाजूने उघडेल असे करावे आणि कंपनीचा पासवर्ड आधी बदलावा. हे अनेकदा राहून जाते.

टॉवर डेस्कटॉप असेल तर मात्र या वाटेला जाऊच नये. आत मोकळा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असतो, त्यात दुसरे कार्ड बसवणे सर्वांत सोपे. एका पोर्टचा मार्ग खरा उपयोगी पडतो तो मिनी पीसी, रास्पबेरी पाय 4 किंवा लॅपटॉपला.

विजेचा हिशेबही आधी करावा. 50 वॉट खाणारा डेस्कटॉप 24 तास चालू ठेवला तर महिन्याला 36 युनिट जळतात. युनिट 10 रुपये धरले तर 360 रुपये. लॅपटॉप बराच कमी खातो आणि वीज गेल्यावर बॅटरीवर चालतो. पण सतत चार्जिंगवर राहून बॅटरी फुगू शकते, त्यामुळे चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असल्यास ती सुरू करावी.

वाय-फायसाठी जुना राउटर फेकू नका. त्यातले डीएचसीपी बंद करून तो ॲक्सेस पॉइंट म्हणून स्विचच्या 20 क्रमांकाच्या पोर्टला जोडला की घरातले मोबाइल पूर्वीच्याच पासवर्डने चालतात.