माऊस त्यांच्याच हातात राहू द्या

आजोबांना संगणक शिकवायला बसलेला नातू पाच मिनिटांत माऊस स्वतःच्या हातात घेतो. ‘बघा, असं करायचं’ म्हणत भराभर चार खिडक्या उघडतो, बंद करतो आणि उठून जातो. आजोबांना कळतं ते इतकंच, की हे आपल्याला जमण्यातलं नाही. गोव्यातल्या तुये गावात साठी उलटलेल्या शेजाऱ्यांना शिकवताना मी एक पथ्य कसोशीने पाळतो. माऊसला माझा हात लागू द्यायचा नाही. तोंडाने सांगायचं आणि थांबायचं.

हे थांबणंच कठीण. माऊस टेबलाच्या कडेला पोचतो, बाण अजून पडद्याच्या मध्यावरच असतो आणि माणूस अवघडून बसतो. माऊस उचलून परत अलीकडे ठेवला तरी बाण जागचा हलत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. डबल क्लिक करताना बोट थरथरतं, फाइल उघडायच्या ऐवजी भलतीकडे सरकते. मग एकदाच क्लिक करून एंटर दाबायला सांगायचं. अक्षरं आणि बाण आधीच मोठे करून ठेवले, तर निम्मी भीती तिथेच जाते.

आणि ‘हा मॉनिटर, हा सीपीयू’ अशी सुरुवात तर नकोच. शिकणाऱ्याला हव्या असलेल्या कामापासूनच सुरू करायचं. एका निवृत्त शिक्षिकांना आपल्या भाटाचा, म्हणजे माडांच्या बागेचा, एक-चौदाचा जमिनीचा उतारा बघायचा होता. सर्व्हे नंबर तोंडपाठ. तालुका, गाव, नंबर असं एकेक भरत गेल्या. कब्जेदारांच्या रकान्यात सासऱ्यांचं नाव दिसलं, तसं त्यांनी ते मोठ्याने वाचलं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याआधी हजर होत्या.

२०१७ साली केंद्राने ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केलं. घरटी एकाला वीस तासांचं मोफत प्रशिक्षण होतं, वयाची अट १४ ते ६० होती. ही वरची अट मला आजही खुपते. पेन्शनरांचा हयातीचा दाखला २०१४ पासून ऑनलाइन देता येतो, मग ज्यांच्यासाठी ही सोय केली त्यांनाच वर्गाबाहेर का ठेवलं? ‘बँकेतून बोलतोय’ म्हणत ओटीपी मागणारे फोन साठीनंतर थांबत नाहीत. केरळातल्या पुल्लमपारा पंचायतीने रोजगार हमीच्या कामावर जाऊन म्हाताऱ्या बायकांनाही शिकवलं आणि २०२२ मध्ये अख्खी पंचायत डिजिटल साक्षर झाली.

तुयेत इलेक्ट्रॉनिक सिटीची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. ती सिटी होईल तेव्हा होवो. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पंचायतीचं सभागृह, चार संगणक आणि गप्प बसू शकणारी दोन कॉलेजची मुलं एवढ्यावर आमचा गावचा वर्ग सुरू होईल. फसवणुकीची तक्रार नोंदवायचा १९३० हा नंबर भिंतीवर ठळक लिहायचा. वयाची अट ठेवायची नाही.