नाकाचा आजार, दाढेचे मूळ

सेलू-मानवतच्या जिनिंगमध्ये कापसाचा हंगाम सुरू असताना कोणाचे नाक चोंदले, तर दोष सहसा धुरळ्याला दिला जातो. मात्र नाकाच्या एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त पू येत असेल, त्याच बाजूचा गाल जड वाटत असेल आणि औषध संपताच त्रास परतत असेल, तर वरच्या दाढाही तपासून घ्याव्यात.

या दाढांची मुळे गालामागील पोकळीच्या, म्हणजे सायनसच्या, तळाशी अगदी जवळ असतात. मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा असतो. दाढ किडून मुळाशी पू झाला की संसर्ग तो पापुद्रा ओलांडतो. आतील नस मेलेली असल्यास दाढ दुखतही नाही आणि इथेच फसगत होते. इंग्लंडचे वैद्य नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ च्या आपल्या ग्रंथात, वरचा सुळा काढल्यावर याच पोकळीतून स्राव वाहू लागलेल्या एका स्त्रीची हकीकत नोंदविली आहे.

केवळ प्रतिजैविकांनी व्याज तेवढे फिटते. मुद्दल दाढेत शिल्लक राहते. साध्या एक्स-रेत दोष दिसला नाही, तर सीटी स्कॅनने तो बहुधा उघड होतो. त्यानंतर रूट कॅनॉल करायचे की दाढ काढायची, हे दंतवैद्य ठरवितात. उलटपक्षी, सायनस सुजल्यानेही निरोगी दाढा ठणकतात. म्हणून तपासणीविना दाढ काढण्याची घाई नको. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

डोळ्याभोवती सूज आली किंवा दृष्टी अंधूक झाली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.