बैलाला कोंडवाडा, गाडीला सलाम?

 

शनिवार उजाडला की नागपुरातून मोठमोठ्या गाड्या निघतात आणि देवलापार-पारशिवनीकडच्या जंगलात शिरतात. एकेक गाडी दोन-अडीच टनाची. किंमत आपल्या अख्ख्या टोल्याहून जास्त. डांबरी रस्ता सोडून त्यांना चिखल पाहिजे, नाला पाहिजे. याला म्हणे ‘ऑफ-रोड’! रस्ता नसणं हा त्यांचा खेळ. आमच्याकडे रस्ता नाही म्हणून बाळंतीण खाटेवर न्यावी लागते.

गेल्या पावसाळ्यात अशा चार गाड्या आमच्या पांदणीतून नाल्यात उतरल्या. एक फसली, दुसरीनं दोर लावून ओढली. नाल्याचा काठ फुटला, पाणी खालच्या बांधीत शिरलं, रोवणा वाहून गेला. मोहाची रोपं चाकाखाली गेली. आम्ही तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, ‘मोठी माणसं हायेत, जाऊ द्या.’

भारतीय वन कायदा १९२७ चं कलम २६ काढून पाहा. राखीव जंगलात घुसणं आणि गुरं चारणं, दोन्ही गुन्हे एकाच पोटकलमात आहेत. आमची गाय शिरली की कोंडवाडा आन् दंड. गाडी शिरली की सलाम. साहेबांना त्या ओळीचा अर्धाच भाग वाचता येतो काय?

कोणी म्हणतील, पर्यटनानं रोजगार येतो. येतो ना. जिप्सी चालवणारी, गाइडचं काम करणारी पोरं इथलीच आहेत. त्यांच्या पोटावर आमचा राग नाही. पण ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिचे पाच बछडे कोंडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आणि निलंबित कोण झालं? ड्रायव्हर आणि गाइड. गेट, परवाना, गाइड असूनही असं होतं, तर ज्या गाडीला गेटच नाही तिला कोण आवरणार?

आपणच आवरू. वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ सांगते : जंगल, वन्यजीव आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. सामूहिक वनसंसाधनात कोणी यावं हे ग्रामसभा ठरवू शकते, जंगलाला अपाय करणारं काम थांबवू शकते.

म्हणून प्रत्येक गावानं येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा : ग्रामसभेच्या लेखी परवानगीशिवाय बाहेरची गाडी पांदण सोडून जंगलात, नाल्यात जाणार नाही. ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र अधिकारी, तहसीलदार आणि पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या. गाडी दिसली तर नंबर लिहा, फोटो काढा, पाच जणांच्या सहीनं पंचनामा करा. दगड उचलू नका, शिवी देऊ नका. आपल्या हातात कायदा आहे, तो पुरे.

जंगल आपलं घर आहे. घरात येणाऱ्यानं दारात थांबून विचारावं, एवढंच आपलं म्हणणं.