एक चौरस फूट जागा

बंगळूरहून कोलारकडे जाताना जुन्या मद्रास रस्त्यावर होसकोटे हे तालुक्याचे गाव लागते. शहाजीराजांच्या जहागिरीत ते होते, तेव्हा मराठी वाचकांस हे नाव परके वाटू नये. बंगळूरची मोठी बाजारपेठ जवळ असल्याने या भागात मांसल कोंबड्यांचा, म्हणजे ब्रॉयलरचा, धंदा रुजला आहे. हा धंदा करणाऱ्या कुटुंबाचा नफा-तोटा पुष्कळ अंशी दोन गोष्टींवर ठरतो : जागेत पक्षी किती आहेत, आणि पिल्ले कोणत्या वयाच्या कोंबड्यांची आहेत.

आपल्याकडील जुना हिशेब सोपा आहे. एका पक्ष्यास एक चौरस फूट जागा. पक्षी 2 किलोचा झाला म्हणजे चौरस मीटरला सुमारे 21 किलो भार होतो. युरोपीय संघाच्या 2007 च्या नियमात मूळ मर्यादा 33 किलोची असून, काही अटींवर ती 42 पर्यंत जाते. मग आपणच हात आखडता का घ्यावा, असे कोणी विचारील. याचे उत्तर हवेत आहे. अधिक दाटीची मुभा तेथे वायुवीजनाची यंत्रे असतील तरच मिळते. आपली उघड्या बाजूंची शेड वाऱ्यावर अवलंबून असते. कोंबडीस घाम येत नाही. ती धापा टाकूनच अंग थंड करते. दाटी झाली की उष्मा वाढतो, विष्ठेने तुसाची गादी ओलावते, अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि तळपायांस व्रण पडतात. पाय दुखणारा पक्षी खाद्यापर्यंत जात नाही, आणि वजन तेथेच अडते. ऑक्सफर्डच्या मेरियन डॉकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 27 लक्ष पक्षी अभ्यासून 2004 मध्ये दाखविले की, नुसत्या संख्येपेक्षा हवा, दमटपणा व गादी यांची निगा पक्ष्यांच्या सुखास अधिक कारणीभूत असते. मात्र अतिदाटीत वाढ व चाल ही दोन्ही बिघडतातच.

आता आईच्या वयाकडे वळू. पैदाशीची कोंबडी साधारण 25 व्या आठवड्याच्या सुमारास अंडी घालू लागते. ही पहिली अंडी लहान असतात, आणि पिल्लाचे वजन अंड्याच्या सुमारे दोन-तृतीयांश भरते. साहजिकच तरुण आईचे पिल्लू चणीने लहान, पोटातील बलकाचा साठा थोडा, आणि लवकर गारठणारे. वयस्क कोंबडीची अंडी मोठी असतात. पण कवच पातळ होते व उबवणीत वाया जाणारी अंडी वाढतात. दोन्ही प्रकारची पिल्ले एकत्र सोडली की थोराड पिल्ले खाद्याशी पुढे होतात आणि लहानगी मागे राहतात. दाटीत हे अंतर अधिकच रुंदावते.

पिल्ले पुरविणाऱ्या कंपनीच्या बाबतीत निवड आपल्या हाती नसली, तरी आईबापांचे वय विचारून घेणे हाती असते. लहान पिल्ले वेगळ्या कप्प्यात ठेवून त्यांस थोडी अधिक ऊब द्यावी. पिल्लाचे पाय गालास लावून पाहावे. गार लागले तर ऊब अपुरी आहे. पहिल्या रात्रीनंतर सकाळी अन्नाच्या पिशव्या चाचपाव्या; जवळजवळ सर्वच भरलेल्या हव्यात. मूठभर तूस दाबून सोडावे; गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. अधिक माहितीसाठी बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे केंद्रीय कुक्कुट विकास संस्था आहे.

पुढच्या खेपेस शंभर पिल्ले अधिक घेण्याचा मोह झालाच, तर आधी शेडीची लांबी-रुंदी मोजावी.